अ‍ॅलन बोल्टचं डोकं अ‍ॅल्युमिनिअमच्या आत बसवताना

सुरतेत उधना, पांडेसरा, लिंबायत, सचिन या भागांतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनिअमच्या प्लेटांचं काम रोजचं आहे. लूमची कव्हरं, भरतकाम मशिनचे ब्रॅकेट, हिऱ्याच्या लेसर मशिनच्या बेसप्लेटा, पॅकिंगच्या मशिनची फिक्स्चरं अशी ही कामं. ती करणाऱ्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन इथे स्थिरावलेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. कुणी पूर्वी लूमवर होतं, आता स्वतःचं ड्रिल मशिन आणि लेथ टाकून जॉबवर्क करतं. कुणाची मुलं आयटीआय करून फिटर झाली. या वाचकांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो: अ‍ॅलन बोल्टचं डोकं प्लेटच्या आत घालायचं आहे, तर आधी लहान भोक मारायचं की मोठं? दुसरा प्रश्न त्याच्या मागोमाग असतोच: मोठ्या ड्रिलनं खड्डा केला, बोल्ट घट्ट आवळला, तरी आठवड्याभरात सैल का होतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे कोणतं हत्यार आहे यावर ठरतं. ते खाली सविस्तर दिलं आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र सगळीकडे एकच आहे. डोकं ज्या तळावर टेकतं तो तळ सपाट आणि भोकाशी काटकोनात हवा. खड्ड्याची भिंत थोडी खरबरीत राहिली, व्यास थोडा मोठा झाला, तर काही बिघडत नाही. तळ तिरका किंवा खोलगट राहिला तर बोल्ट कितीही भारी घ्या, तो धरणार नाही.

आधी ठरवा: डोकं आत घालायलाच हवं का?

वर काही सरकत असेल, कापड किंवा धागा अडकत असेल, दुसरी प्लेट बसायची असेल, कामगाराचा हात तिथून जात असेल, तर डोकं आत घ्यायलाच हवं. नुसतं दिसायला बरं म्हणून घेऊ नका. प्रत्येक खड्डा प्लेटची जाडी कमी करतो आणि त्यात पाणी, तेल, रुई साठते.

जाडीचा हिशेब सोपा आहे. अ‍ॅलन बोल्टच्या डोक्याची उंची बोल्टच्या व्यासाइतकीच असते. एम ६ चं डोकं ६ मिमी उंच, एम ८ चं ८ मिमी. त्यात अर्धा मिमी मिळवा, म्हणजे खड्ड्याची खोली. ती प्लेटच्या जाडीतून वजा केली की डोक्याखाली उरणारी जाडी मिळते. ही उरलेली जाडी कमीत कमी बोल्टच्या अर्ध्या व्यासाइतकी आणि शक्यतो पूर्ण व्यासाइतकी ठेवा. १० मिमीच्या प्लेटमध्ये एम ६ घातला तर खाली साडेतीन मिमी उरतात; हलक्या कामाला चालेल, धक्के खाणाऱ्या भागाला नाही. १२ मिमीच्या प्लेटमध्ये साडेपाच उरतात आणि ते ठीक आहे.

प्लेट पातळ असेल तर हे पर्याय बघा:

- बुटक्या डोक्याचा अ‍ॅलन बोल्ट (डीआयएन ७९८४). एम ६ ला डोक्याची उंची ४ मिमी, एम ८ ला ५ मिमी. याची चावी एक माप लहान लागते आणि तो फार आवळता येत नाही.
- बटण हेड. एम ६ चं डोकं साधारण ३.३ मिमी उंच आणि कडा गोल. पुष्कळदा हा आत न घालता वरच ठेवला तरी काम भागतं.
- काउंटरसंक बोल्ट, म्हणजे तिरप्या डोक्याचा. जाडी कमी लागते. पण तो भोकाच्या मध्याशी स्वतःला ओढून घेतो; चार भोकांपैकी एक जरी अर्धा मिमी सरकलं असेल तर प्लेट बसत नाही. मेट्रिक बोल्टला ९० अंशाचाच काउंटरसिंक वापरा. अमेरिकी मापाचा ८२ अंशाचा वापरला तर डोकं फक्त एका कडेवर टेकतं.

साधा हेक्स बोल्ट आत घालायचा विचार असेल तर सोडून द्या. त्याच्याभोवती बॉक्स पाना फिरायला जागा लागते. एम ८ च्या बोल्टला १३ चा पाना, आणि त्या पान्याची बाहेरची भिंत धरली तर खड्डा जवळजवळ २० मिमीचा करावा लागतो. अ‍ॅलन बोल्टची चावी डोक्याच्या आतच जाते, त्यामुळे त्याला १५ मिमीचा खड्डा पुरतो.

मापं लिहून भिंतीवर लावा

पुढची मापं नेहमीच्या अ‍ॅलन बोल्टची (आयएसओ ४७६२, जुनं नाव डीआयएन ९१२) आहेत. क्रमानं डोक्याचा व्यास, आरपार भोक, खड्ड्याचा व्यास आणि खोली, सगळं मिमीमध्ये:

- एम ४: डोकं ७, भोक ४.५, खड्डा ८, खोली ४.५
- एम ५: डोकं ८.५, भोक ५.५, खड्डा १०, खोली ५.५
- एम ६: डोकं १०, भोक ६.६, खड्डा ११, खोली ६.५
- एम ८: डोकं १३, भोक ९, खड्डा १५, खोली ८.६
- एम १०: डोकं १६, भोक ११, खड्डा १८, खोली १०.६
- एम १२: डोकं १८, भोक १३.५, खड्डा २०, खोली १२.६

खाली आटे पाडायचे असतील तर टॅपसाठी ड्रिल असं: एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२, एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५.

बोल्टची लांबी खड्डा ठरल्यावरच विकत घ्या. अ‍ॅल्युमिनिअममधल्या आट्यांत बोल्ट व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आत जायला हवा. १२ मिमीच्या प्लेटमध्ये एम ६ घातला तर डोक्याखाली साडेपाच मिमी उरतात, खालच्या भागात १० मिमीच्या आसपास आटे हवेत, म्हणजे १६ मिमी लांबीचा बोल्ट. अनेकजण प्लेटच्या पूर्ण जाडीवरून लांबी काढतात आणि मग बोल्ट तळाशी जाऊन टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण प्लेट धरलेली नसते.

आधी कोणतं भोक? तीन रस्ते

पहिला: पायलटवाला काउंटरबोर. ज्याच्या टोकाला गुळगुळीत दांडी असते ते हत्यार. इथे लहान भोक आधी. सेंटर पंच, सेंटर ड्रिल, मग ६.६ चं आरपार भोक, मग काउंटरबोरची दांडी त्या भोकात घालून खड्डा. दांडी हत्याराला मध्यावर धरून ठेवते, म्हणून खड्डा भोकाशी बरोबर एककेंद्री येतो. पिलर ड्रिलवर काम करणाऱ्यासाठी याहून भरवशाचा मार्ग नाही. महिन्याला पाचपन्नास भोकं जरी असली तरी एम ५, एम ६ आणि एम ८ चे काउंटरबोर घेऊन ठेवा.

यात एक काळजी घ्या. अ‍ॅल्युमिनिअमचा बारीक कीस दांडी आणि भोकाच्या भिंतीमध्ये शिरतो, चिकटतो आणि दांडी जाम होते. दर दोनतीन मिमीला हत्यार वर घ्या, ब्रशनं साफ करा, दांडीला तेल लावा. सुरुवातीला दांडी हातानं भोकात घालून बघा. ती सहज फिरली पाहिजे.

दुसरा: दोन ड्रिल. काउंटरबोर नाही, फक्त ड्रिल आहेत. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पुष्कळजण ६.६ चं भोक मारून त्यात सरळ ११ चं ड्रिल घालतात. मधला धातू आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे ड्रिलच्या टोकाला टेकायला काही नसतं. धारा मऊ अ‍ॅल्युमिनिअममध्ये स्क्रूसारख्या आत ओढल्या जातात, जॉब उचलला जातो आणि भोक गोल न होता तिकोनी येतं. शिवाय ड्रिलच्या ११८ अंशाच्या टोकामुळे तळ कोनासारखा खोलगट राहतो. त्यावर बोल्टचं सपाट डोकं फक्त बाहेरच्या कडेवर टेकतं. आवळल्यावर ती बारीक रेघ दबत जाते, ताण उतरतो आणि बोल्ट सैल. वर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

बरोबर क्रम असा:

1. सेंटर ड्रिलनं खूण.
2. मोठं ११ चं ड्रिल आधी. त्याच्या बाहेरच्या कडा ५ मिमी आत जातील इतकंच. टोक त्याच्याही खाली तीनएक मिमी गेलेलं असेल.
3. त्या कोनाच्या मध्यात लहान ६.६ चं ड्रिल आपोआप बसतं. आरपार काढा.
4. ११ चंच दुसरं ड्रिल, ज्याचं टोक ग्राइंडरवर सपाट केलेलं आहे, ते घालून तळ साडेसहा मिमीवर सपाट करा.

सपाट ड्रिल करायला जुनं, आखूड झालेलं ड्रिल घ्या. टोक सरळ घासा, पण दोन्ही धारांच्या मागे थोडा उतार ठेवा, नाहीतर ते कापणार नाही, नुसतं घासेल. दोन्ही धारा एकाच उंचीला आल्या आहेत का हे टाकाऊ तुकड्यावर बघा. धार फार आत ओढत असेल तर दगडानं तिची पुढची बाजू अगदी किंचित बोथट करा. पितळेच्या ड्रिलला करतात तशी.

तिसरा: मिलिंग मशिन किंवा व्हीएमसी. इथे क्रमाचा प्रश्न उरत नाही, कारण टेबल आणि स्पिंडल जागा सोडत नाहीत. भोक आणि खड्डा एकाच सेटिंगमध्ये होतो. दोन धारेचा, मध्यापर्यंत कापणारा एंडमिल घ्या. व्हीएमसीवर ८ किंवा १० चा एंडमिल गोल फिरवून ११ चा खड्डा काढता येतो, आणि मोठा खड्डा हवा असेल तर हत्यार बदलावं लागत नाही. नग जास्त असतील तर घरी पिलर ड्रिलवर बसण्यापेक्षा काम व्हीएमसीवाल्याला द्या.

पिलर ड्रिलच्या चकमध्ये एंडमिल पकडू नका. सरळ खाली उतरवला तर कधी चालून जातं; पण भोकाच्या कडेला तो थोडाही बाजूला ढकलला गेला की चकचा टेपर सुटू शकतो आणि फिरता चक तुमच्याकडे येतो. हँड ड्रिलनंही खड्डा करू नका, हात काटकोन धरत नाही. आणि मशिनवरच्या जागी भोक मारायचं म्हणून कुणी भाड्यानं मॅग्नेटिक ड्रिल आणत असेल तर थांबवा. अ‍ॅल्युमिनिअमला चुंबक धरत नाही. तशा वेळी लोखंडी प्लेट क्लॅम्पनं पक्की बांधून तिच्यावर मशिन बसवावं लागतं, नाहीतर तो भाग सोडवून आणावा लागतो.

दोन तुकडे एकमेकांवर बसायचे असतील तर

वेगवेगळं मार्किंग करून नशिबावर सोडू नका. दोन्ही तुकडे क्लॅम्प करा, टॅपचं लहान ड्रिल (एम ६ ला ५ मिमी) दोन्हींतून एकदमच उतरवा. मग वेगळे करा. वरच्या तुकड्यातलं भोक ६.६ ला वाढवा आणि पायलटवाल्या काउंटरबोरनं खड्डा करा. खालच्यात टॅप मारा. अशा भोकांत बोल्ट हातानं फिरत जातो.

स्पीड, तेल आणि पकड

ड्रिलला अ‍ॅल्युमिनिअममध्ये वेग आवडतो, काउंटरबोरला नाही. ६.६ च्या एचएसएस ड्रिलला अडीच हजार फेरे चालतात. ११ च्या काउंटरबोरला सातशे ते आठशेच्या आसपास ठेवा, १५ च्याला सहाशे. मशिनच्या बेल्टवर नेमका हा आकडा नसेल तर खालची पुली घ्या. हत्यार थरथरून तळावर फुलासारख्या रेघा उमटल्या तर वेग अर्धा करा आणि दाब वाढवा. बरेच कारागीर उलटं करतात: थरथर आली की दाब कमी करतात, मग हत्यार कापायचं सोडून नाचायला लागतं.

कोरडं काम करू नका. अ‍ॅल्युमिनिअम धारेवर वितळल्यासारखं चिकटतं आणि त्या चिकटलेल्या थरानंच कापणं सुरू होतं; माप वाढतं, भिंत ओरबाडली जाते. खुल्या बाजारातलं पांढरं घासलेट यासाठी जुनं आणि चांगलं आहे, ब्रशनं थोडं थोडं लावा. विरघळणारं कूलंटही चालतं. घासलेट वापरताना जवळ ग्राइंडर चालू नको, बिडी नको.

कोणतं अ‍ॅल्युमिनिअम आहे हे दुकानदाराला विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. भंगारातली प्लेट मऊ असेल तर ती च्युइंगगमसारखी ओढली जाते. एचई २० (म्हणजे ६०६१) किंवा एचई ३० (६०८२) कडक केलेली प्लेट छान तुटक कीस देते. खिडकीच्या सेक्शनचं एचई ९ (६०६३) त्याहून मऊ. ओतीव भागात सिलिकॉन जास्त असतं, धार लवकर जाते.

जॉब हातानं धरायचा नाही. व्हाइस टेबलला बोल्टनं बांधा, खाली लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा पाट ठेवा. प्लेटच्या खाली कीस राहिला की प्लेट तिरकी बसते आणि तळही तिरका येतो. दर वेळी पुसा.

खोली: टोकापासून नाही, कडेपासून

मशिनच्या डेप्थ स्टॉपचा नट लावताना हत्याराच्या कापणाऱ्या कडा प्लेटला टेकवा आणि तिथून मोजा. पायलटची दांडी किंवा ड्रिलचं टोक धरून मोजलं तर खोली चुकते. पहिला खड्डा झाला की व्हर्निअरच्या मागच्या दांडीनं तळ मोजा, दोन तीन जागी. आकड्यांत फरक आला तर तळ तिरका आहे. मग बोल्ट घालून वर स्टीलची पट्टी सरकवा, ती अडखळायला नको.

तळातल्या भोकाच्या कडेची बर काढायला विसरू नका. बोल्टच्या डोक्याखाली, दांडा सुरू होतो तिथे, बारीक गोलाई असते. भोकाची कड तीक्ष्ण राहिली तर डोकं तळावर न टेकता त्या गोलाईवर टेकतं. मोठ्या ड्रिलनं किंवा काउंटरसिंकनं हातानं एक अर्धा फेरा दिला की पुरतं. जास्त दिलात तर टेकायची जागाच खाऊन टाकाल. हे काम दहा सेकंदांचं आहे आणि घाईत सगळ्यात आधी हेच सोडलं जातं.

किती आवळायचं

बाजारात मिळणारा काळा अ‍ॅलन बोल्ट बहुधा १२.९ ग्रेडचा असतो. डोक्यावर तसं कोरलेलं असतं. तो फार ताकदीचा आहे, अ‍ॅल्युमिनिअम नाही. एम ६ चं १० मिमीचं डोकं ६.६ च्या भोकाभोवती फक्त ४४ चौरस मिमी जागेवर टेकतं. १२.९ चा बोल्ट त्याच्या पूर्ण ताकदीनं, म्हणजे १७ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळला तर तो सुमारे १६ हजार न्यूटननं ओढतो. भागाकार करा: दर चौरस मिमीला ३६० न्यूटन. कडक केलेलं एचई २० साधारण २७५ ला दबायला लागतं, एचई ९ त्याच्याही आधी. म्हणून तळावर डोक्याचा गोल ठसा उठतो, आणि ठसा उठला की ताण गेला.

म्हणून अ‍ॅल्युमिनिअमवर बोल्ट १२.९ चा असला तरी ८.८ चाच टॉर्क द्या: एम ५ ला साडेपाच, एम ६ ला १०, एम ८ ला २५ न्यूटन-मीटरच्या जवळपास. आट्यांना ग्रीस लावलं असेल तर पाऊण भागच द्या, कारण ग्रीसमुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ओढतो. टॉर्क रेंच नसेल तर निदान अ‍ॅलन चावीला पाइप लावून आवळायची सवय सोडा.

जास्त जोर हवाच असेल तर डोक्याखाली कडक स्टीलचा वॉशर घाला. एम ६ ला ११ मिमी बाहेरच्या व्यासाचा लहान वॉशर मिळतो. त्यासाठी खड्डा १२ मिमीचा करा आणि खोली वॉशरच्या जाडीइतकी वाढवा. हे आधी ठरवायचं असतं, नंतर वॉशर ठोकून बसवायचा नसतो. स्प्रिंग वॉशर थेट अ‍ॅल्युमिनिअमवर घालू नका, त्याचं टोक तळ खरवडतं.

जो भाग वारंवार उघडायचा आहे तिथे अ‍ॅल्युमिनिअममधल्या आट्यांवर विसंबू नका. हेलिकॉइल बसवा. आटे गेल्यावर बसवण्यापेक्षा नव्या प्लेटमध्येच बसवणं स्वस्त पडतं.

वॉटरजेटच्या शेडमध्ये

सुरतेत वॉटरजेट लूम खूप आहेत, आणि तिथे खड्डा म्हणजे पाण्याची वाटी. हवेत दमटपणा, पाण्यात क्षार, स्टेनलेस बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनिअम एकत्र भिजले की अ‍ॅल्युमिनिअम खाल्लं जातं, पांढरी भुकटी येते आणि बोल्ट असा धरतो की शेवटी डोकं तुटतं. हजिरा, डुमसच्या बाजूला खारी हवाही भर घालते.

- बोल्ट घालण्याआधी आट्यांना आणि डोक्याखाली जलरोधक ग्रीस किंवा अँटी-सीझ लावा.
- खड्डा शक्यतो उभ्या किंवा खालच्या बाजूला घ्या. वरच घ्यावा लागला तर त्यातून बाहेर जाणारी एक छोटी खाच ठेवा.
- डोक्याच्या षटकोनात प्लास्टिकची टोपी बसवा. रुई आणि साइझिंगचा गाळ साचला की चावी अर्धीच बसते आणि कोपरे गोल होतात.
- काळा बोल्ट ओल्या जागी गंजतो. तिथे तो नकोच.

चुकलं तर

खड्डा जास्त खोल झाला तर स्टीलचा कडक वॉशर किंवा लेथवर केलेली रिंग खाली घाला. तळ तिरका आला तर खोली वाढवून पुन्हा सपाट करा आणि तीच रिंग वापरा. खड्डा भोकाच्या मध्यापासून सरकला आणि डोकं भिंतीला घासतंय, तर खड्डा मिलिंगवर मोठा करा. बोल्ट घासून बारीक करू नका. डोकं कमजोर होतं आणि पुढचा मेकॅनिक दुसरा बोल्ट घालायला जातो तेव्हा तो बसत नाही. उरलेली जाडी अर्ध्या व्यासापेक्षा कमी झाली असेल तर प्लेट वाचवायचा मोह टाळा. वेल्डिंगनं भरलेलं कडक अ‍ॅल्युमिनिअम त्या जागी मऊ पडतं.

डोळे आणि हात

ड्रिलवर हातमोजे घालू नका; कीस मोज्यात अडकला की हात ओढला जातो. गळ्यातला गमछा काढून ठेवा. लांब कीस हातानं ओढू नका, मशिन बंद करून ब्रशनं काढा. खड्ड्यात कंप्रेसरची हवा मारली तर कीस सरळ वर, डोळ्यांत येतो. चष्मा आणि बेल्टवरचं कव्हर देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कामगार वाचकांनी ते मागावं, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

काम बाहेर दिलं किंवा घेतलं तर

वर्कशॉपमध्ये "काउंटर मारून दे" एवढंच सांगितलं जातं. त्यात काउंटरबोरही येतो आणि काउंटरसिंकही, आणि प्लेटा वाया जातात. कागदावर चित्र काढून द्या: बोल्टचं माप, आरपार भोक, खड्ड्याचा व्यास, खोली, तळ सपाट, कोणत्या बाजूनं, आतली बर काढलेली. मोबाइलवर त्याचा फोटो पाठवून होकार घ्या. एक नमुना आधी पास करा आणि त्यावर दोघांच्या सह्या करा.

हक्कांच्या गोष्टी, ज्या दोन्ही बाजूंनी माहीत असाव्यात:

- चलन. जीएसटी नोंदणी असलेल्या मालकानं प्लेटा जॉबवर्कला पाठवताना डिलिव्हरी चलन द्यावं. माल एका वर्षात परत यायला हवा. जिग, फिक्स्चर, डाय यांना ही मुदत लागू नाही.
- भंगार. अ‍ॅल्युमिनिअमचा कीस किलोवर विकला जातो. तो कुणाचा, हे आधीच ठरवा आणि लोखंडाच्या किसात मिसळू देऊ नका.
- तक्रार १५ दिवसांत, लेखी. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून माल आला की त्याच आठवड्यात बोल्ट घालून बघा.
- पैसे ४५ दिवसांत. काम करणारा उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असतानाही ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते.

उद्यम नोंदणी मोफत आहे आणि आधार, पॅनवर घरबसल्या होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. एका ड्रिल मशिनवर काम करणाऱ्यानंही ती करून घ्यावी, कारण नोंदणी काम घेण्याच्या आधीची असेल तरच थकलेल्या बिलासाठी तिचा आधार नीट मिळतो.

प्रश्न पाठवताना प्लेटची जाडी, अ‍ॅल्युमिनिअमचा प्रकार, बोल्टचं माप आणि हाताशी असलेलं मशिन एवढं जरूर लिहा. हे चार तपशील असले की नेमकं उत्तर देता येतं.